हातावरचं वर्तुळ

१९८६ च्या पावसाळ्यात आमच्या ताईच्या डाव्या हातावर, कोपराच्या चार बोटं खाली, दवाखान्यातल्या कंपाउंडरनं एक सुई टोचली आणि त्या जागेभोवती निळ्या बॉलपेननं वर्तुळ काढलं. तीन दिवस तिथं साबण लावायचा नाही, खाजवायचं नाही, अशी तंबी मिळाली. तिसऱ्या दिवशी लाली वर्तुळाच्या बाहेर गेली होती. डॉक्टरांनी पट्टी लावून पाहिली, कागदावर '१८ मि.मी.' लिहिलं आणि वडिलांना एकट्याला आत बोलावलं.

ताई तेव्हा वीस वर्षांची होती. महिना-दीड महिना खोकला होता, संध्याकाळी अंगात कणकण असायची. संगमनेरचं स्थळ जवळपास ठरलेलं, दिवाळीनंतर साखरपुडा. बातमी तिकडे कशी पोचली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचं पत्र आलं, त्यात 'पत्रिका पुन्हा दाखवली असता' असं काहीसं होतं. ताईची औषधं दीड वर्ष चालली. पहिले काही महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. हे औषध कानाच्या नसेला बाधू शकतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. आज साठीला टेकलेली ताई फोन नेहमी उजव्याच कानाला लावते.

तो कागद माझ्याकडे आहे. सोबत छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट आहे, त्यात फुप्फुसं स्वच्छ असल्याचं लिहिलंय. थुंकी तपासल्याचा कागद नाही, कारण ती तपासलीच नव्हती. म्हणजे ताईचा क्षयरोग हा सगळाच्या सगळा त्या अठरा मिलिमीटरवर उभा होता. त्या डॉक्टरांना मी आज दोष देत नाही. त्या काळी पुष्कळ ठिकाणी असंच चालायचं. पण त्या अठराचा अर्थ नेमका काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर तुटला होता. तो पुन्हा जोडला तो नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात आणि पुढे इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या शोधनिबंधांतून, शब्दकोश शेजारी ठेवून. त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथं मांडतो आहे.

नाशिककरांना हा रोग परका नाही. देवळालीच्या कोरड्या, मोकळ्या हवेसाठी तिथं एकेकाळी निरनिराळ्या समाजांनी सॅनिटोरियमं बांधली. त्यांतल्या काही आज सुट्टीत राहायला जाण्याच्या जागा झाल्या आहेत, पण नाव अजून 'सॅनिटोरियम'च. औषध नव्हतं तेव्हा हवा, दूध, अंडी आणि विश्रांती एवढाच उपाय होता. १९५९ साली मद्रासच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. सॅनिटोरियममध्ये ठेवलेले रुग्ण आणि झोपडीवजा घरात राहून गोळ्या घेणारे रुग्ण सारखेच बरे होतात, आणि घरच्यांना जास्तीची लागणही होत नाही, असं त्यातून दिसलं. हवापालटाची गरज तिथंच संपली. रोगाची भीती मात्र संपली नाही.

आता सुईकडे वळू. ती चाचणी 'मोन्टू' म्हणून ओळखली जाते. लहानपणी मला ते एखाद्या बंगाली मुलाचं नाव वाटायचं. ते आडनाव आहे, फ्रेंच डॉक्टर शार्ल मांटू यांचं. पण सुईतल्या द्रवाची गोष्ट त्यांच्याही आधी सुरू होते.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकशास्त्र शिकायला अमेरिकेला गेल्या. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, त्या पुण्यात क्षयानं गेल्या. शत्रूचं नाव-गाव समजलं होतं, हत्यार नव्हतं. १८९० मध्ये कॉख यांनी हत्यार सापडल्याचंही सांगितलं. क्षयजंतू वाढवायचे, उष्णतेनं मारायचे आणि त्यांचा ग्लिसरीनमधला अर्क रोग्याला टोचायचा. या अर्काचं नाव ट्युबरक्युलिन. त्यात काय आहे हे त्यांनी आधी गुप्त ठेवलं. युरोपभरचे रोगी बर्लिनला धावले. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल हाही पेशानं डॉक्टर. तोही गेला आणि हे औषध रोग बरा करतं याबद्दल साशंक होऊन परतला. त्याची शंका खरी ठरली. ट्युबरक्युलिननं रोगी बरे झाले नाहीत. काही तर दगावले. सात वर्षांनी, १८९७ मध्ये, प्लेगच्या अभ्यासासाठी हेच कॉख मुंबईत आले, तेव्हा हे अपयश त्यांच्या पाठीशी होतं.

पण या फसलेल्या औषधात एक गोष्ट लपलेली होती. तोच अर्क क्षयाच्या रोग्याला टोचला की सणसणून ताप यायचा, टोचलेली जागा सुजायची. क्षयाशी कधीच गाठ न पडलेल्या माणसाला तेवढ्या मात्रेनं फारसं काही व्हायचं नाही. मेलेल्या जंतूंचं पाणी दोघांच्याही अंगात सारखंच गेलं होतं. फरक होता तो त्या दोन शरीरांत. १९०७ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं मुलांच्या कातडीवर ओरखडा काढून त्यावर ट्युबरक्युलिनचा थेंब लावायला सुरुवात केली. ('अॅलर्जी' हा शब्दही त्याच्या आदल्या वर्षी यानंच घडवलेला.) त्याला दिसलं की वरवर ठणठणीत मुलांच्याही कातडीवर फुगवटा येतो, आणि वय वाढत जाईल तशी अशा मुलांची संख्याही वाढत जाते. ही मुलं आजारी नव्हती. त्यांना जंतू कधीतरी भेटून गेला होता, एवढंच. १९०८ मध्ये मांटू यांनी ओरखड्याऐवजी कातडीच्या थरात मोजून द्रव टोचण्याची पद्धत आणली. म्हणजे 'हातावरची सूज हा रोगाचा पुरावा नव्हे' ही गोष्ट ताईच्या सुईच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधी माहीत झाली होती. व्हिएन्नाहून नाशिकला यायला तिला वेळ लागला, इतकंच म्हणतो.

त्या जागी घडतं काय? आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येक टी-पेशीला प्रथिनाचा एक विशिष्ट तुकडाच ओळखता येतो, एका किल्लीनं एकच कुलूप उघडावं तसा. क्षयजंतू फुप्फुसात शिरल्यावर दोन ते आठ आठवड्यांत त्याच्या प्रथिनांचे तुकडे ओळखणाऱ्या टी-पेशींची फौज तयार होते. लढाई संपली तरी त्यांतल्या काही स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. हातात ट्युबरक्युलिन टोचलं की फिरत्या स्मृतिपेशींपैकी काहींना तिथं ओळखीचा तुकडा भेटतो. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात आणि इतर पेशींना हाक मारतात. जमाव जमायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून रिपोर्ट ४८ ते ७२ तासांनी. मोजायचा असतो तो कातडीखालचा टणक फुगवटा. लालीची रुंदी मोजायची नसते. एक सोपी रीत आहे : बॉलपेनची रेघ बाहेरून आत ओढत आणायची, जिथं पेन अडतं तिथं थांबायचं, तसंच दुसऱ्या बाजूनं. ताईची लाली वर्तुळाबाहेर गेली होती हे मला पक्कं आठवतं. डॉक्टरांनी बोटानं चाचपल्याचं आठवत नाही.

म्हणजे अठरातले काही मिलिमीटर तर इथंच संशयास्पद ठरतात. पुढची अडचण त्याहून मोठी आहे.

ट्युबरक्युलिन म्हणजे एक प्रकारची भेळ. अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट या संशोधिकेनं अनेक वर्षं खपून त्यातला प्रथिनांचा भाग वेगळा काढला. आज वापरतात ते 'पीपीडी' हे त्याचंच रूप. तरी त्यात क्षयजंतूची शेकडो प्रथिनं असतात, आणि त्यांतली बहुतेक एकट्या क्षयजंतूची नाहीत. त्याचे निरुपद्रवी भाऊबंद मातीत, पाण्यात राहतात; त्यांच्यातही ती असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बीसीजी लशीत असतात. बीसीजी हा क्षयजंतूचाच माणसाळवलेला चुलतभाऊ. ताईला शाळेत असताना बीसीजी टोचली होती. दंडावर व्रण आहे. जन्मतः दिलेल्या बीसीजीचा परिणाम या चाचणीवर वर्षांगणिक ओसरतो, पण मोठ्या वयात दिलेली लस बराच काळ टणकपणा दाखवत राहते. मग ताईच्या हातावर कोण उमटलं होतं? शाळेतली लस, गोदेच्या पाण्यातला एखादा निरुपद्रवी जंतू, की खरा क्षयजंतू? शंभर वर्षं जगभर वापरलेल्या या चाचणीला हे तिघं वेगळे सांगता येत नव्हते. आपल्यासारख्या देशात, जिथं जवळजवळ प्रत्येक दंडावर बीसीजीचा व्रण आहे, तिथं तर ही मोठीच गोची.

ती सुटली ती बीसीजीच्याच जन्मकथेतून. फ्रान्समधल्या लील गावी काल्मेट आणि गेराँ या दोघांनी १९०८ मध्ये गायीच्या क्षयाचा जंतू बटाट्याच्या कापांवर, पित्त आणि ग्लिसरीन घालून वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी थोडा उचलायचा, नव्या बटाट्यावर लावायचा. मधे महायुद्ध झालं, लील जर्मनांच्या ताब्यात गेलं, यांचे बटाटे चालूच. तेरा वर्षांत २३० वेळा. या घरजावयाच्या आयुष्यात जंतूला लढायची गरजच उरली नाही आणि तो लढणं विसरला. १९२१ मध्ये त्याची लस पहिल्यांदा बाळाला दिली गेली. तो नेमकं काय विसरला, हे मात्र पुढची पंचाहत्तर वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी क्षयजंतूची आणि बीसीजीची जनुकं समोरासमोर ठेवून वजाबाकी केली. बीसीजीतून एक सलग तुकडा गळून पडलेला दिसला. त्याला नाव पडलं आरडी-१. त्यात नऊ जनुकं. क्षयजंतूची एकूण जनुकं सुमारे चार हजार, त्यांतली ही नऊ. त्या आधीच्याच वर्षी कोपनहेगनच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटमधल्या पीटर अँडरसन यांच्या गटानं क्षयजंतू बाहेर सोडतो त्या प्रथिनांपैकी एका छोट्याशा प्रथिनाचा शोध लावला होता. टी-पेशी त्याला फार जोरात ओळखत. नाव ईसॅट-६. त्याचं जनुक नेमकं त्या हरवलेल्या तुकड्यात सापडलं. शेजारीच त्याच्या जोडीदाराचं, सीएफपी-१० चं. एकात ९५ अमिनो आम्लं, दुसऱ्यात १००. प्रथिनांच्या जगात ही अगदी चिमुरडी. दोघं एकमेकांना मिठी मारूनच जंतूच्या बाहेर पडतात. बीसीजीत दोन्ही नाहीत, आणि मातीतल्या बहुतेक भाऊबंदांतही नाहीत. मोजके अपवाद सोडले तर. म्हणजे या दोन प्रथिनांची ओळख कुणाच्या शरीरात असेल, तर ती लशीमुळे नव्हे.

इथवर ही एका चांगल्या चाचणीची गोष्ट झाली. मला जास्त गुंतवून ठेवलं ते पुढच्या प्रश्नानं : ही प्रथिनं जंतूच्या काय कामाची?

क्षयजंतू श्वासावाटे फुप्फुसाच्या टोकाशी पोचतो, तेव्हा तिथली भक्षक पेशी त्याला गिळते आणि एका कप्प्यात कोंडते. साधारण जंतू तिथं विरघळून जातो. क्षयजंतू मात्र त्या कप्प्याचं पचन थोपवून धरतो आणि आतून ही दोन प्रथिनं बाहेर सोडतो. ती सोडणारी यंत्रणाही त्याच तुकड्याच्या आधारानं चालते. त्यातून कप्प्याच्या भिंतीला इजा होते, जंतूला पेशीच्या अंगणात शिरता येतं, शेवटी भक्षक पेशीच मरते. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या, मूळच्या बडोद्याच्या ललिता रामकृष्णन यांनी हे सगळं झेब्राफिश नावाच्या माशाच्या पिल्लांत पाहिलं. ही पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात क्षयजंतूचा जलचर नातलग सोडला की सूक्ष्मदर्शकातून सगळं घडताना दिसतं. आधी समज असा होता की लागण झालेल्या जागी भक्षक पेशींची जी गाठ बनते, ती जंतूला कोंडायला शरीरानं बांधलेली भिंत. त्यांना दिसलं की सुरुवातीच्या काळात ही गाठ जंतूच्याच फायद्याची असते. ईसॅट-६ सोडणाऱ्या जंतूंकडे नव्या भक्षक पेशी धावत येतात, मेलेल्या पेशी गिळतात आणि त्यांच्यातले जंतूही गिळतात. नवी घरं मिळत जातात. आरडी-१ नसलेल्या जंतूला हे बोलावणं धाडता येत नाही. बीसीजी गरीब का, याचं बरंचसं उत्तर इथं आहे.

मग याहून चमत्कारिक गोष्ट वाचनात आली. फ्लूचा विषाणू दर साल चेहरा बदलतो, एचआयव्ही तर एकाच रोग्यात बदलत राहतो. प्रतिकारशक्ती ज्या खुणेनं ओळखते ती खूण पुसायची, ही बहुतेक रोगजंतूंची रीत. क्षयजंतूनंही तेच केलं असेल म्हणून २०१० मध्ये काही शास्त्रज्ञांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतून आणलेल्या क्षयजंतूच्या २१ वाणांची जनुकं तपासली. निघालं उलटंच. टी-पेशी ज्या तुकड्यांना ओळखतात, तेच भाग सगळ्यात कमी बदललेले होते. हजारो वर्षं, निरनिराळ्या खंडांत, तीच खूण जशीच्या तशी.

म्हणजे या जंतूला ओळखलं जाण्यात फायदा आहे की काय? त्या शास्त्रज्ञांनी तसंच सुचवलं, आणि रोगाचा क्रम पाहिला की ते पटतं. क्षयजंतूला एका माणसातून दुसऱ्यात जायचं तर फुप्फुसात पोकळी पडावी लागते. तिथून खोकल्याबरोबर तो लाखोंनी बाहेर येतो. ती पोकळी तो एकटा पाडत नाही. गाठीचा मधला भाग मरून चक्क्यासारखा मऊ, पांढरट होतो, मग पातळ होऊन श्वासनळीत फुटतो. हे बरंचसं आपल्याच पेशींच्या रागाचं काम. ज्यांची प्रतिकारशक्ती एचआयव्हीनं खालावली आहे, त्यांना क्षय जास्त सहज होतो आणि जास्त लवकर मारतो, पण त्यांच्या फुप्फुसात पोकळ्या कमी आढळतात आणि थुंकीत जंतूही कमी सापडतात. जंतूला बाहेर पडायचं दार आपली प्रतिकारशक्तीच उघडून देते. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणणाऱ्या चूर्ण-काढ्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला हे आठवतं. वाढवून कोणाच्या उपयोगी पडणार, हे आधी विचारायला हवं.

लागण झालेल्यांपैकी आयुष्यात कधीतरी खरा रोग होतो तो पाच ते दहा टक्क्यांना. बाकीच्यांत जंतू आणि शरीर यांचं काहीतरी जमून जातं. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या भारतीयांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांच्या रक्तात या दोन प्रथिनांची ओळख सापडली. तुम्ही हा लेख वाचणारे तिघं असाल तर त्यांतला एक. तो रुग्ण नाही, त्याच्यापासून कोणाला काही होत नाही, आणि बहुधा कधी होणारही नाही.

प्रथिनांची ओळख म्हणजेच रोग, ही चूक पुढेही वेगळ्या वेशात होत राहिली. क्षयजंतूच्या प्रथिनांविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं आहेत का, हे पाहणाऱ्या झटपट तपासण्या नव्वदीनंतर खासगी प्रयोगशाळांत बोकाळल्या. दोन थेंब रक्त, दुसऱ्या दिवशी छापील रिपोर्ट. आजारी माणसाला 'नाही' म्हणायच्या, धडधाकटाला 'आहे'. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं, आणि २०१२ मध्ये भारत सरकारनं त्यांच्यावर बंदीच घातली. तोवर किती घरांत विनाकारण औषधं गेली आणि किती खरे रोगी घरी पाठवले गेले, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता ईसॅट-६ आणि सीएफपी-१० पुन्हा हातावर परतली आहेत. आधी त्यांची रक्ततपासणी निघाली : नळीत रक्त घ्यायचं, त्यात ही प्रथिनं घालायची आणि टी-पेशी किती इंटरफेरॉन सोडतात ते मोजायचं. चांगली, पण महाग. आणि प्रयोगशाळा हवी. मग कोपनहेगनच्या त्याच संस्थेनं नुसत्या या दोन प्रथिनांची सुई बनवली. तिचं तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आलं आणि २०२२ मध्ये 'सायटीबी' नावानं तिला भारतात परवानगी मिळाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनंही अशा प्रकारच्या तीन चाचण्यांना मान्यता दिली, एक पुण्याची, एक चीनची, एक रशियाची. प्रक्रिया जुनीच : कातडीत टोचायचं, दोन-तीन दिवसांनी मोजायचं. पाच मिलिमीटर किंवा जास्त असेल तर लागण झालेली आहे, मग दंडावर बीसीजीचा व्रण असो वा नसो.

ही दोन प्रथिनं मिळवायला क्षयजंतू वाढवावे लागत नाहीत. त्यांची जनुकं एका सोज्वळ जिवाणूत बसवतात आणि त्याच्याकडून प्रथिनं करून घेतात. तो जिवाणू म्हणजे लॅक्टोकॉकस लॅक्टिस, आपल्या विरजणात असतो तो. क्षयाची खूण सांगणारी प्रथिनं दही लावणाऱ्याच्या हातून बनतात, हे मी ताईला सांगितलं तेव्हा तिला ते खरं वाटेना.

ते सांगायची वेळ आली ती गेल्या वर्षी. दाजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, दोन महिने खोकला होता. या वेळी थुंकी तपासली. सीबीनॅटच्या यंत्रात क्षयजंतू सापडला. निदानाबद्दल काही शंकाच राहिली नाही. सहा महिन्यांची औषधं सुरू झाली आणि घरातल्या इतरांची तपासणी निघाली. माझा भाचा अठ्ठावीस वर्षांचा आहे. त्याला काही त्रास नव्हता. त्याच्या हातावर सायटीबीची सुई टोचली. तिसऱ्या दिवशी मुद्दाम मीही गेलो होतो. तिथल्या मुलीनं पेन एका बाजूनं आणलं, थांबवलं, दुसऱ्या बाजूनं आणलं, थांबवलं, मधलं अंतर मोजलं. अकरा. मग छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. म्हणजे लागण आहे, रोग नाही. रोग होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा अशा बारा आठवड्यांच्या गोळ्या.

घरी आल्यावर ताईनं त्याचा हात धरून उजेडात नेला. "किती?"

"अकरा."

"माझं अठरा होतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ही नवी सुई मी टोचून घेतली तर कळेल का, मला तेव्हा खरंच होतं का ते?"

मी नाही म्हणालो. टी-पेशींच्या स्मृतीवर तारीख नसते. आता ताईच्या हातावर फुगवटा आला तर तो १९८६ चा असेल, मधल्या चाळीस वर्षांत कुठल्यातरी एसटीत बसलेल्या अनोळखी माणसाकडून आलेला असेल, किंवा गेल्या दोन महिन्यांत दाजींकडून. आला नाही, तरी तेव्हा नव्हता असं सिद्ध होत नाही. वयाबरोबर ही ओळख पुसटही होते. तपासणी करायची ती आता काय करायचं हे ठरवण्यासाठी. जुना निकाल बदलायला ती कामाची नाही.

"घरातल्या सगळ्यांची होतेय, तर होऊ दे माझीही," ताई म्हणाली. "पण त्या कागदासाठी नको."

त्या रविवारी भाच्याला पाहायला सिन्नरहून मंडळी यायची होती. ताईनं विचारलं, त्यांना सांगायचं का? दाजी म्हणाले, माझ्या औषधांचं सांगावंच लागेल, डबा टेबलावर असतो. भाचा म्हणाला, माझं मी सांगतो. रविवारी तो पोह्यांची बशी घेऊन बाहेर आला, तेव्हा त्यानं सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या.